तीस मैलांचा आवाज

२३ जुलै १९२७ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते बिनतारी तंत्राच्या दोन कामांचा प्रारंभ झाला. एक पुण्याच्या बाजूला, दुसरं मुंबईत. पुण्याकडचं काम म्हणजे इंग्लंडशी थेट तारा पाठवण्यासाठी उभारलेली ‘बीम’ यंत्रणा. खडकीच्या केंद्रातून संदेश सुटायचे, दौंडच्या केंद्रात यायचे. आयर्विन यांनी राजे पंचम जॉर्ज यांच्याशी शुभेच्छांची देवाणघेवाण करून ती सुरू केली. मुंबईतलं काम होतं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र. दोन्ही उद्योगांच्या मागे बरीचशी तीच मंडळी होती. सर इब्राहिम रहिमतुल्ला आणि सुलतान चिनॉय ही मुंबईच्या व्यापारी जगातली वजनदार नावं दोन्हीकडे दिसतात.

पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. खडकी-दौंडची यंत्रणा इतकी चालली की समुद्राखालच्या तारांवर जगणाऱ्या केबल कंपन्यांचं धाबं दणाणलं आणि १९३२ मध्ये दोन्ही धंदे एकत्र करून एकच कंपनी काढावी लागली. मुंबईच्या रेडिओ केंद्राची मालक कंपनी मात्र त्या दिवसापासून तीन वर्षंही तगली नाही. १ मार्च १९३० रोजी तिचं दिवाळं निघालं.

भांडवल उभारणारे लोक तेच, विज्ञान तेच, दिवसही तोच. फरक एवढाच की तार पाठवणारा शब्दागणिक पैसे मोजत होता. रेडिओ केंद्रातून निघालेलं गाणं एकदा हवेत गेलं की ते कुणी ऐकलं आणि त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे, हे ठरवण्याची सोयच नव्हती. भारतातल्या सुरुवातीच्या रेडिओ केंद्रांचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. आवाज दूरवर नेण्याचं कोडं इंजिनिअरांनी केव्हाच सोडवलं होतं. पैशाचं कोडं सुटायला बरीच वर्षं गेली, आणि ज्या रीतीने ते सुटलं तिने या केंद्रांचा स्वभाव कायमचा बदलून टाकला.

सुरुवात कंपनीच्याही आधीची आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या मदतीने मुंबईतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तशी इच्छा व्यक्त केली होती आणि तो त्यांनी पुण्यात बसून ऐकला. अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेतून सांगितले ते २ नोव्हेंबर १९२० रोजी. म्हणजे मुंबईचा हा प्रयोग त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी झाला. लंडनमध्ये बीबीसीचं नियमित प्रक्षेपण सुरू व्हायला तेव्हा आणखी सव्वा वर्ष होतं. या क्षेत्रात आपण मागाहून आलो, असं सर्रास समजलं जातं. ते खरं नाही. आपण सुरुवातीच्या रांगेत होतो. मागे पडलो ते नंतर.

त्या एका कार्यक्रमानंतर सरकार गप्प बसलं आणि हौशी लोकांनी काम हाती घेतलं. जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने आपला कार्यक्रम हवेत सोडला. नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याच्या क्लबने तेच केलं. मद्रासमध्ये १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला आणि ३१ जुलैला त्याचं प्रक्षेपण सुरू झालं. मद्रासच्या क्लबमागे सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी नावाचा एक धडपड्या माणूस होता. त्यांनी इंग्लंडहून सुटे भाग आणले आणि ४० वॉटचा प्रक्षेपक उभा केला. जुन्या पद्धतीचा घरातला एखादा साधा बल्ब जितकी वीज खायचा, तेवढ्या ताकदीवर एका शहराला गाणं ऐकवायचं, हा त्यांचा संकल्प. पुढे त्यांनी २०० वॉटचा प्रक्षेपक बसवला. रोज संध्याकाळी गाणी आणि भाषणं, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी संगीत असा त्यांचा क्रम होता.

हे सगळं ज्याच्यावर ऐकलं जायचं तो खड्याचा रेडिओ, म्हणजे क्रिस्टल सेट, आता कुठे पाहायला मिळत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. रेडिओ केंद्र एक ठरावीक वेगाने कंप पावणारी लहर सतत सोडत असतं. गाणाऱ्याचा आवाज जसा चढतो-उतरतो तसा त्या लहरीचा जोर कमी-जास्त केला जातो. यालाच एएम म्हणायचं. लहरीच्या कंपनाचा वेग तोच राहतो, उंची बदलते. ऐकणाऱ्याला एवढंच करायचं असतं की त्या लहरीतून उंचीचे चढउतार तेवढे वेगळे काढायचे. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा एक खडा हे काम फुकटात करतो. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. खडा पितळेच्या वाटीत घट्ट बसवलेला असे आणि त्याच्या पृष्ठभागावर केसासारखी बारीक तार टेकवलेली. तारेचं टोक खड्यावर सगळीकडे सारखं काम करत नाही. एखाद्याच ठिकाणी आवाज येतो. म्हणून ऐकणारा कानाला हेडफोन लावून, श्वास रोखून, ते टोक खड्यावरून हलकेच सरकवत राही. सुरुवातीला काहीच नाही. मग बारीक खरखर. आणि मग एकदम, डोक्याच्या आतूनच आल्यासारखा, माणसाचा आवाज. शेजारच्या खोलीत दार आपटलं तरी तार हलायची आणि आवाज जायचा. मग पुन्हा शोध.

या सेटला बॅटरी लागत नसे, वीज लागत नसे. गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली लांब एरियल आणि नळाच्या पाइपाला जोडलेली अर्थिंगची तार, एवढ्यावर तो चालायचा. हेडफोनमध्ये जो आवाज यायचा त्याची सगळी ताकद थेट केंद्रातून हवेमार्गे आलेली असायची. ही गोष्ट मला आजही थक्क करते. मधे कुणी नाही, काही नाही. गाणाऱ्याच्या गळ्यातून निघालेल्या चढउतारांनी आकार दिलेली ऊर्जाच ऐकणाऱ्याच्या कानाचा पडदा हलवते. पण म्हणूनच केंद्रापासून जरा लांब गेलं की खडा मुका व्हायचा. लांबचं ऐकायचं तर व्हॉल्व्हचा सेट हवा, त्याला बॅटऱ्या हव्यात, आणि तो परदेशातून आलेला महाग माल. चाळीतल्या कारकुनाच्या आवाक्यातली ती वस्तू नव्हती.

क्लबांना पैसे पुरेनात. सभासदांच्या वर्गणीवर आणि परवाना फीच्या मिळेल त्या वाट्यावर रोजचे कार्यक्रम चालवणं अवघड होतं. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासच्या क्लबने प्रक्षेपण थांबवलं. मधल्या काळात सरकारने एका खासगी कंपनीला मक्ता द्यायचं ठरवलं होतं. ३१ मार्च १९२६ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नोंदली गेली आणि सप्टेंबरमध्ये सरकारशी दहा वर्षांचा करार झाला. भांडवलाची मर्यादा १५ लाख रुपये ठेवली होती, प्रत्यक्षात जमले ६ लाख. भागधारकांत हैदराबादचे राजा धनराजगिरजी नरसिंगगिरजी यांचाही मोठा वाटा होता. बीबीसीचे निवेदक म्हणून नाव झालेले एरिक डन्स्टन जनरल मॅनेजर म्हणून आले. मुंबईच्या उद्घाटनाआधी आठवडाभर, १५ जुलै १९२७ रोजी, ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे कार्यक्रमांचं नियतकालिक निघालं. २६ ऑगस्टला कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं. मुंबईच्या उद्घाटनाच्या भाषणात आयर्विन यांनी भारताच्या लांबच लांब अंतरांमुळेच इथे रेडिओला मोठा वाव आहे, अशा अर्थाचं मत मांडलं होतं.

पण ती अंतरं ओलांडण्याची ताकद केंद्रांत नव्हती. दोन्ही केंद्रांचे प्रक्षेपक दीड किलोवॉटचे, मध्यम लहरींवर चालणारे. त्यांचा खात्रीचा टप्पा सुमारे ३० मैल. मुंबईच्या केंद्रापुरतं बोलायचं तर ठाणं त्यात आरामात बसायचं, वसई-कल्याण काठावर, आणि घाट चढून पुण्याला पोचेपर्यंत खड्याच्या सेटवर काही उरायचं नाही. रात्री मध्यम लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परततात, त्यामुळे चांगल्या व्हॉल्व्हच्या सेटवर कधीकधी फार लांबूनही ऐकू येई, पण त्याचा भरवसा नव्हता. त्यातून आपलं हवामान. एएम लहरीत आवाज असतो तो तिच्या उंचीत, आणि विजेचा प्रत्येक लोळ नेमक्या त्याच उंचीवर घाला घालतो. वळवाच्या ढगांच्या दिवसांत चांगल्या गाण्याचा पार भुगा व्हायचा. युरोपातल्या थंड हवेत आखलेले हिशेब इथे लागू पडत नव्हते, आणि हे कळायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा पुरेसा होता.

आता पैशांचा हिशेब मांडू. रेडिओ बाळगायचा तर टपाल कार्यालयातून वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यावा लागे. त्यातले ८० टक्के कंपनीला मिळत, म्हणजे परवान्यामागे ८ रुपये. शिवाय आयात होणाऱ्या रेडिओ सामानाच्या किमतीवर १० टक्के वर्गणी व्यापाऱ्यांनी कंपनीला द्यायची होती. १९२७ सुरू झालं तेव्हा अख्ख्या देशात हजारही परवाने नव्हते. त्या वर्षाअखेर ते ३,५९४ झाले, १९२८ अखेर ६,१५२, आणि १९२९ अखेर ७,७७५. वाढ दिसते खरी. पण ७,७७५ ला आठने गुणलं की वर्षाचे ६२,२०० रुपये होतात, आणि कंपनीचा खर्च सुरुवातीला महिन्याला ३३,००० रुपयांच्या घरात होता. काटकसर करून तो २४,००० वर आणला. म्हणजे सगळ्या देशाच्या परवान्यांतून आलेली वर्षभराची रक्कम तीन महिनेही पुरत नव्हती. व्यापाऱ्यांनी द्यायची १० टक्के वर्गणी बरेच जण चुकवत होते. परवाना न काढता ऐकणारे तर किती होते याची मोजदादच नव्हती, कारण बंद खोलीत हेडफोन लावून बसलेल्या माणसाला शोधणार कोण? जमलेल्या ६ लाखांपैकी साडेचार लाख दोन केंद्रं उभारण्यातच गेले होते. उरलेलं खेळतं भांडवल तोटा भरून काढण्यात संपलं.

मला यात कंपनीच्या संचालकांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांनी धोका पत्करला होता. मात्र अकरा लाखांवर वस्तीच्या मुंबईत रेडिओ फार थोड्या घरांत पोचला, याचं कारण नुसती गरिबीही नव्हती. तीच कंपनी, तसाच प्रक्षेपक, तेवढाच टप्पा असलेलं कलकत्त्याचं केंद्र पाहिलं की हे लक्षात येतं. तिथे गार्स्टिन प्लेसवरच्या स्टुडिओत नृपेंद्रनाथ मजुमदार यांच्यासारख्या कलावंताकडे भारतीय कार्यक्रमांची सूत्रं होती. १९२९ मध्ये ‘बेतार जगत’ हे बंगाली नियतकालिक निघालं. नाटकं, गाणी, भाषणं यांतून ते केंद्र बंगाली घरांत शिरलं. मुंबईचं नियतकालिक इंग्रजी होतं. शहरात मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा अनेक भाषांचे ऐकणारे, आणि रोजचे मोजकेच तास. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं आलं, कुणालाच पोटभर मिळालं नाही. ज्या मुंबई-पुण्यात संगीत नाटकाला रात्र रात्र जागणारा प्रेक्षक होता, त्या प्रेक्षकाला ‘हे आपलं केंद्र’ असं वाटावं, इतकी जवळीक त्या तीन वर्षांत झाली नाही. ही हुकलेली संधी फार मोठी होती, असं माझं मत आहे.

कंपनी बुडाली तेव्हा ऐकणारे आणि रेडिओचे दुकानदार अशा दोघांनी सरकारकडे धाव घेतली. १ एप्रिल १९३० पासून उद्योग व कामगार खात्याने दोन्ही केंद्रं दोन वर्षांच्या प्रयोगासाठी हाती घेतली. नाव पडलं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. पण ती वर्षं जागतिक मंदीची. सरकारी खर्चाला सगळीकडे कात्री लागत होती. १० ऑक्टोबर १९३१ रोजी सरकारने केंद्रं बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. यावर ओरड झाली ती सर्वांत मोठ्याने बंगालमध्ये, आणि हे स्वाभाविक होतं. दुकानदारांकडे आयात केलेला माल पडून होता, त्यांनीही आवाज उठवला. २३ नोव्हेंबरला सरकारने निर्णय फिरवला. सहा आठवडे भारतातली नियमित नभोवाणी मरणाच्या दारात उभी होती, आणि तिला परत आणणारे होते तिचे मोजके ऐकणारे. मे १९३२ मध्ये ती कायमची चालवायचं ठरलं.

पैशाचं कोडंही याच वेळी सुटलं, आणि तेही जकातीच्या नाक्यावर. आयात रेडिओवरचा कर २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आला. त्यातच १९ डिसेंबर १९३२ रोजी बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली. इथल्या युरोपियन लोकांनी लंडन ऐकण्यासाठी लघुलहरींचे महागडे सेट मागवले. सेट आले, त्यांच्यावर दुप्पट जकात आली आणि परवानेही आले. १९३२ अखेर ८,५५७ असलेले परवाने १९३४ अखेर १६,१७९ झाले. म्हणजे लंडनचं केंद्र ऐकू पाहणाऱ्यांच्या पैशावर मुंबई-कलकत्त्याची केंद्रं तरली. १ जानेवारी १९३४ पासून बिनतारी तंत्राचा नवा कायदाही अमलात आला. विनापरवाना सेट नुसता जवळ बाळगणं हाच आता गुन्हा ठरला, त्यामुळे चोरून ऐकणाऱ्यांवर हात टाकता येऊ लागला.

सरकार आणि कंपनी यांच्या पलीकडे तिसरा मार्ग होता, आणि तो मद्रासने दाखवला. बंद पडलेल्या क्लबने आपला प्रक्षेपक मद्रास महापालिकेला देऊन टाकला होता. १ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे मुंबईचं केंद्र सरकारी झालं त्याच दिवशी, महापालिकेने स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. शाळांतल्या मुलांसाठी दुपारी गोष्टी आणि संगीताचे पाठ. महापालिकेने मरीनाच्या किनाऱ्यावर आणि बागांमध्ये ध्वनिक्षेपक लावले, आणि परवाना किंवा सेट घेण्याची ऐपत नसलेली माणसं वाळूत बसून कर्नाटक संगीत ऐकू लागली. ऐकणाऱ्याकडून पैसे कसे काढायचे, हा प्रश्नच या केंद्राने बाजूला सारला. रस्त्यावरचे दिवे आणि नळाचं पाणी जसं नगराने द्यायचं, तसं गाणंही. आठ वर्षं ते चाललं. मुंबईच्या महापालिकेला हे सुचलं असतं तर चौपाटीवरच्या संध्याकाळी कशा गेल्या असत्या, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

म्हैसूरमध्ये तर एका प्राध्यापकाने घरातच केंद्र काढलं. मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी आपल्या राहत्या घरातून ३० वॉटच्या प्रक्षेपकावर ‘आकाशवाणी’ या नावाने प्रक्षेपण सुरू केलं. कन्नड लेखक, गायक त्यांच्याकडे येत. पुढे प्रक्षेपक २५० वॉटचा झाला. त्याच वर्षी निजामाच्या राज्यात हैदराबादलाही रेडिओ सुरू झाला. अलाहाबादच्या शेतकी संस्थेने आणि त्याआधी लाहोरच्या वायएमसीएने छोटे प्रयोग केले होते. १९३५ च्या सुमाराचा भारत पाहिला तर क्लब, कंपनी, सरकार, महापालिका, संस्थान, शिक्षणसंस्था आणि एकटा प्राध्यापक अशा सगळ्यांनी आपापल्या गावचा रेडिओ चालवून पाहिला होता. पंधरा वर्षांत एवढी विविधता. त्यानंतर कितीतरी दशकं ती पुन्हा दिसली नाही.

३० ऑगस्ट १९३५ रोजी लायोनेल फील्डन ब्रॉडकास्टिंगचे कंट्रोलर झाले. बीबीसीतून आलेला हा माणूस कल्पक होता, उतावळा होता, आणि सरकारी फायलींवर मनापासून चिडणारा होता. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीत २० किलोवॉटचं केंद्र सुरू झालं. मुंबईपेक्षा त्याची ताकद तेरा पटींहून जास्त. बीबीसीचे इंजिनिअर एच. एल. कर्क यांनी देशभर फिरून पाहणी केली. त्यांच्यामागून आलेले मुख्य इंजिनिअर सी. डब्ल्यू. गॉयडर यांनी ठरवलं की एवढा मोठा देश मध्यम लहरींनी झाकता येणार नाही, त्यासाठी लघुलहरी हव्यात. ८ जून १९३६ रोजी संस्थेचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी मुंबईला १० किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक मिळाला आणि मुंबईचा आवाज पहिल्यांदाच भरवशाने कोकण, देश, खानदेश, वऱ्हाडापर्यंत जाऊ लागला. १६ जून १९३८ रोजी मद्रासला सरकारी केंद्र उघडलं आणि महापालिकेचं केंद्र त्याच वेळी बंद झालं.

फील्डन-गॉयडर यांची योजना अंतराच्या दृष्टीने बरोबरच होती. कोकणातल्या गावाला त्याआधी रेडिओ नव्हताच. पण टप्पा वाढला तसा धोरण ठरवणारा हात शहरातून उठून दिल्लीला गेला. याचं एक ठळक उदाहरण पेटीचं. १ मार्च १९४० पासून सगळ्या केंद्रांवर हार्मोनियमच्या साथीला बंदी आली. सुरांच्या ठरीव पट्ट्यांवर भारतीय संगीतातल्या श्रुती बसत नाहीत, हा आक्षेप शास्त्राला धरून होता. तरी महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटीवरच वाढलं होतं, गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक इथे संगीताच्या क्षेत्रातले मानकरी होते. मुंबईचं केंद्र मुंबईकरांनी चालवलं असतं तर हा निर्णय इथे घेतला गेला असता, असं मला वाटत नाही.

हौशी मंडळींनी कमावलेलं ज्ञान मात्र वाया गेलं नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी प्रक्षेपणाचे परवाने रद्द केले आणि यंत्रं जमा करायला लावली. पण सुट्या भागांची दुकानं, रेडिओ शिकवण्या, एरियल कशी ताणायची हे जाणणारी माणसं शहरात होतीच. ऑगस्ट १९४२ मध्ये, नेते तुरुंगात असताना, मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. ‘४२.३४ मीटरवर, भारतात कुठूनतरी’ अशी त्याची उद्घोषणा असे. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांच्यासोबत विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी होते. राममनोहर लोहिया यांचं मार्गदर्शन होतं. प्रक्षेपक तयार केला होता रेडिओ शिकवणाऱ्या नरिमन प्रिंटर यांनी. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांनाही पुढे या प्रकरणी झालेल्या खटल्यात आरोपी केलं गेलं, ते निर्दोष सुटले. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत आणि ही मंडळी यंत्र उचलून दुसऱ्या जागी नेत. वृत्तपत्रांना जे छापता येत नव्हतं ते इथून सांगितलं जाई. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री गिरगावात धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. मुंबईकरांनी स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या शहरातून चालवलेलं ते केंद्र जेमतेम तीन महिने बोललं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. संस्थानांची पाच निराळी: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि गायकवाडांचं बडोदा. नागपूरला १९४८ मध्ये आणि पुण्याला २ ऑक्टोबर १९५३ रोजी केंद्र मिळालं. संस्थानांपैकी बडोद्याचं केंद्र १९४८ मध्येच ऑल इंडिया रेडिओत आलं. उरलेली चार १ एप्रिल १९५० रोजी आली. गोपालस्वामींच्या घरातून सुरू झालेलं म्हैसूरचं केंद्र त्यांत होतं. पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, ते बेंगळुरूला हलवण्यात आलं.